पायी चालणाऱ्यांसाठी गल्ली उजळायची कृती

चला, आज एक गल्ली हातात घेऊ. शंभर-दीडशे मीटर लांब, सहा मीटर रुंद, एका बाजूला फुटपाथ, दोन-चार मोठी झाडं, सोसायट्यांची फाटकं आणि कोपऱ्यावर किराणा दुकान. पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर, कुठेही राहत असाल तरी अशी एखादी गल्ली तुमच्या घराबाहेरच असेल. विजेचं शिक्षण लागत नाही, हिशोबही चौथीच्या पुढचा नाही. क्रम मात्र मोडू नका: आधी चालायचं, मग मोजायचं, मग आहे ते दुरुस्त करायचं आणि नवा दिवा सगळ्यात शेवटी. सगळी गल्ली सारखी उजळावी, समोरच्याचा चेहरा ओळखू यावा आणि दिवा कुणाच्या डोळ्यांत घुसू नये, एवढं आपल्याला साधायचंय.

साहित्य: मोठा कागद, पेन्सिल, खडू, लांब मोजपट्टी, एक मीटरची सरळ काठी, लक्स (एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) मोजणारं ॲप घातलेला फोन (लक्समीटर उसना मिळाला तर फारच छान), सोबतीला एक जण आणि गल्लीत रोज चालणारी दोन-तीन माणसं. त्यांत एक आजी किंवा आजोबा हवेतच.

पाहणी

१. दिवसाउजेडी गल्लीचा नकाशा काढा. रस्त्याच्या दोन रेघा ओढा आणि खांब, झाडं, फाटकं, बाक, पायऱ्या, गटाराची झाकणं, स्पीडब्रेकर, रस्ता ओलांडायच्या जागा अशा सगळ्या खुणा करा. घरात बसून आठवणीने काढू नका, दोन झाडं आणि एक उघडं गटार हमखास राहून जातं.

२. प्रत्येक खांबावर रंगवलेला क्रमांक नकाशावर उतरवा. क्रमांक नसला की तक्रार कचेरीतच फिरत राहते. खांब पालिकेचा, महावितरणचा की सोसायटीचा, तेही शेजारी लिहा.

३. दोन-दोन खांबांमधलं अंतर मोजून लिहा. पावलांनी मोजू नका, पट्टीच लावा. पुढचा हिशोब याच आकड्यावर उभा राहणार आहे.

४. खांबाची उंची सावलीवरून काढा. उन्हात काठी उभी धरा आणि तिची सावली मोजा, लगेच खांबाची सावली मोजा आणि दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. एक मीटर काठीची सावली ०.८ मीटर आणि खांबाची ६.४ मीटर आली, तर खांब ८ मीटर उंच. दोन्ही सावल्या पाठोपाठच मोजा. मध्ये चहाला गेलात तर सूर्य सरकलेला असेल.

५. आता रात्र निवडा: अमावास्येच्या जवळची, कोरडी. चांदण्यात डोळे फसतात आणि ओला रस्ता चमकून भलताच उजेड दाखवतो.

६. रात्री आठच्या सुमाराला गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला आणि त्याच वाटेने परत या. जिथे पाऊल आपोआप मंदावलं तिथे नकाशावर गडद गोल करा. टॉर्च लावू नका, फोनकडे पाहू नका. पडद्याकडे नजर गेली की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पुन्हा काही मिनिटं लागतात.

७. पुढची फेरी आजी-आजोबांसोबत मारा. वय वाढतं तसा डोळ्यांवर येणारा झोत जास्त खुपतो आणि पायरीची कड कमी दिसते. म्हणून ते कुठे थबकतात, कुठे डोळ्यांवर हात धरतात, ते टिपा. तुम्ही आधी बोलू नका. “इथे अंधार आहे ना?” असं विचारलंत की उत्तर ‘हो’च येतं.

८. चेहऱ्याची चाचणी घ्या. सोबत्याला दोन खांबांच्या बरोबर मध्ये उभं करा, तुम्ही चार मीटरवर थांबा. तो हसतोय की रागावलाय, कळतंय का? मग त्याला थेट दिव्याखाली उभं करा. डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबणी दिसत असतील तर ‘वरूनच उजेड’ असं लिहा. ही पायरी लोक गाळतात आणि मला सगळ्यात मोलाची हीच वाटते. समोरून येणारा ओळखीचा आहे की नाही, हे वेळेत कळलं की रात्री एकट्याने चालणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

९. अकरानंतर, दुकानांची शटर पडल्यावर, पुन्हा एक फेरी मारा. आठ वाजता उजळलेला कोपरा किराणा दुकानाच्या ट्यूबलाइटवर जगत होता, हे आत्ता कळतं. या फेरीला एकटे जाऊ नका. रात्रपाळीहून येणाऱ्या एखाद्या बाईंना वेळ असेल तर त्यांना सोबत घ्या, ही गल्ली त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नसते.

मोजणी

१०. गल्लीतला सगळ्यात वाईट वाटलेला, दोन खांबांमधला एक पट्टा निवडा. चांगला पट्टा मोजून काही हाती लागत नाही.

११. त्या पट्ट्यात खडूने खुणा करा: फुटपाथच्या कडेला, रस्त्याच्या मधोमध आणि पलीकडच्या कडेला अशा तीन ओळी, प्रत्येक ओळीत दर दोन मीटरवर एक खूण. वाहनं येत असतात, म्हणून एकाने खुणा करायच्या आणि दुसऱ्याने दोन्ही बाजूंना लक्ष ठेवायचं.

१२. प्रत्येक खुणेवर फोन जमिनीवर उताणा ठेवा आणि आकडा लिहा. बहुतेक फोनमध्ये उजेड टिपणारा भाग वरच्या कडेला, सेल्फी कॅमेऱ्याजवळ असतो. त्यावर तुमची सावली पडू देऊ नका, वाकून न पाहता बाजूला सरा. फोनचा आकडा लक्समीटरइतका नेमका नसतो आणि मिणमिणत्या उजेडात तो सरळ शून्य दाखवतो. म्हणून आधीची आणि नंतरची मोजणी एकाच फोनवर करा, तुलना तरी खरी राहील.

१३. सगळ्या आकड्यांची बेरीज करून खुणांच्या संख्येने भागा. ही झाली सरासरी. रस्त्यांच्या दिव्यांसाठीचं भारतीय मानक, आयएस १९४४, कमी रहदारीच्या आतल्या रस्त्याला सरासरी ४ लक्स आणि वर्दळीच्या किंवा दुकानांच्या आतल्या रस्त्याला ८ लक्स सांगतं. तुमची गल्ली यांपैकी कुठे बसते, ते ठरवा. ‘जास्त तेवढं बरं’ म्हणून ३० लक्स धरू नका. तो आकडा मोठ्या, जोरदार रहदारीच्या रस्त्यांचा आहे.

१४. सगळ्यात कमी आकड्याला सरासरीने भागा. उत्तर ०.३ किंवा त्याहून जास्त हवं. समजा सरासरी ९ आली आणि सगळ्यात अंधाऱ्या खुणेवर १ लक्स, तर भागाकार ०.११. म्हणजे उजेड पुरेसा आहे, पण सगळा खांबाखाली साचलाय. इथे जास्त वॅटचा दिवा लावला तर खांबाखालचं तळं आणखी लख्ख होईल आणि शेजारचा अंधार डोळ्यांना आणखी काळा वाटेल. हा भागाकार लाल पेन्सिलीने चौकटीत लिहा, पुढे कचेरीत दाखवायचाय.

१५. आता फोन उभा करून तोंडाच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, धरा. पडदा चालण्याच्या दिशेकडे ठेवा. दोन्ही दिशांचे आकडे घ्या. ४ ते ८ लक्सच्या गल्लीत इथे निदान दोनेक लक्स मिळावेत, असं मी धरतो.

आहे ते दुरुस्त करा

१६. बंद आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांची तक्रार खांब क्रमांकासकट नोंदवा. तोंडी सांगून येऊ नका, तक्रार क्रमांक घ्या. आणि कितीही सोपं वाटलं तरी पालिकेच्या किंवा महावितरणच्या खांबाला स्वतः हात लावू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

१७. सोसायटीच्या आवारातल्या दिव्यांच्या काचा वायरमनकडून पुसून घ्या. धूळ, किडे आणि पावसाचे ओघळ बराच उजेड खातात. आधी मेन स्विच बंद, मग शिडी.

१८. रस्त्याकडे रोखलेले फ्लडलाइट खाली वळवून घ्या. इथे जरा थांबू, कारण गल्ल्यांचा निम्मा त्रास यातच आहे. वॉचमनच्या केबिनवर, एटीएमवर, बांधकामाच्या पत्र्यांवर हे दिवे आडवे बसवलेले असतात. त्यांच्या समोरून येणाऱ्याला फक्त पांढरा झोत दिसतो. झोताच्या मागे उभा माणूस दिसत नाही आणि पायाखालचा खड्डाही दिसत नाही. दिव्याची काच जमिनीला समांतर येईल इतका तो झुकवायचा. मग दहा पावलं दूर जाऊन पाहा. आतला उजळ ठिपका डोळ्यांना टोचत असेल तर आणखी झुकवा किंवा वर पत्र्याची टोपी बसवा. सोसायटीच्या सचिवांकडे जाताना ‘तुमचा दिवा बंद करा’ म्हणू नका. त्यांना रात्री आठला रस्त्यावर आणून समोर उभं करा. पुढचं काम ते स्वतः सांगतात.

१९. झाडात अडकलेले दिवे नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवा. पर्जन्यवृक्ष किंवा गुलमोहर वाढला की आठ मीटरवरचा दिवा पानांच्या वर जातो आणि खाली काळोख उरतो. एखादी बारीक फांदी आड येत असेल तर छाटणीसाठी पालिकेकडे अर्ज करा. परवानगीशिवाय कोयता चालवू नका. मोठा घेर असेल तर झाडाला हात न लावता दिवाच पानांच्या खाली आणायचा, म्हणजे फुटपाथकडच्या बाजूला बुटका खांब मागायचा. झाडाला खिळे ठोकून दिवे लावू नका, बुंध्याला वायरही गुंडाळू नका.

२०. कळकट कुंपणभिंतीला पांढरा किंवा फिका रंग द्या. पांढरी भिंत उजेड परत फेकते आणि तिच्यासमोरून जाणारा माणूस लांबूनही ठळक दिसतो. चकचकीत ऑइलपेंट नको, त्यात दिवाच उमटतो.

२१. पुन्हा त्याच खुणांवर मोजा. काही गल्ल्यांचं काम इथेच संपतं. तसं झालं तर आनंदाने पायरी ३६ वर जा.

नव्या दिव्यांची आखणी

२२. चालण्याची वाट नकाशावर ठळक रंगवा. दिवे या वाटेसाठी आहेत. आखणी करताना नजर सारखी गाडीरस्त्याकडे वळते, तिला मागे आणा.

२३. खांबाची उंची ठरवा: गल्लीसाठी ४ ते ५ मीटर. या उंचीवरून उजेड जरा तिरका येतो आणि चेहऱ्यावर पडतो. गुडघ्याएवढे बागेतले दिवे मुख्य उजेड म्हणून घेऊ नका, ते चपला दाखवतात आणि माणूस अंधारातच राहतो. पायऱ्यांच्या कडा दाखवायला ते चांगले, तिथे जरूर लावा.

२४. खांबांमधलं अंतर ठरवा: उंचीच्या तीन ते साडेतीन पट. ५ मीटरच्या खांबाला १५ ते १७ मीटर. पैसे वाचवायला हे अंतर ताणू नका, पायरी १४ मधला भागाकार लगेच कोसळतो.

२५. प्रत्येक खांबाची जागा नकाशावर टिंबाने दाखवा. सुरुवात रस्ता ओलांडायच्या जागेपासून करा. वाहन ज्या बाजूने येतं त्या बाजूला, क्रॉसिंगच्या थोडं अलीकडे दिवा हवा, म्हणजे ओलांडणाऱ्याच्या अंगावर चालकाच्या बाजूने उजेड पडतो. अलीकडे म्हणजे खांबाच्या उंचीच्या निम्म्याएवढं तरी. क्रॉसिंगच्या पलीकडे दिवा लावलात तर चालकाला नुसती काळी आकृती दिसेल. दुहेरी रस्त्याला दोन्ही बाजूंनी असा एकेक दिवा लागतो. मग पायऱ्या, वळण, बाक आणि फाटकं घ्या, उरलेली जागा शेवटी भरा. खांब फुटपाथच्या मधोमध येऊ देऊ नका, चालायला १.८ मीटर मोकळी रुंदी उरलीच पाहिजे. आणि टिंब कुणाच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीसमोर पडत असेल तर दोन-तीन पावलं सरकवा.

२६. एका दिव्याला किती लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) लागतील ते काढा. दोन खांबांमधलं अंतर गुणिले रस्त्याची रुंदी गुणिले हवे तेवढे लक्स, आणि त्याची चौपट. चौपट अशासाठी, की दिव्यातून निघालेल्या उजेडाचा साधारण चौथा भागच रस्त्याच्या कामी येतो, असं धरलेलं बरं. १६ मीटर अंतर, ६ मीटर रुंदी, ४ लक्स: ३८४, त्याची चौपट १,५३६ लुमेन. ८ लक्स हवे असतील तर साधारण ३,०००. हा कच्चा हिशोब आहे. पक्की आखणी दिवे पुरवणाऱ्याकडून संगणकावर करून घ्या आणि तिच्यावर सरासरी आणि कमीत कमी लक्स दोन्ही छापून मागा. दुकानात वॅट सांगू नका, लुमेनच सांगा. २५ वॅटचे दोन एलईडी उजेडात सारखे नसतात.

२७. रंग निवडा: ३००० केल्विन किंवा त्याहून कमी, म्हणजे पिवळसर पांढरा. ६५०० चा निळसर पांढरा घेऊ नका. तो डोळ्यांना बोचतो, किडे जास्त ओढतो आणि चेहरे फिकट दाखवतो. माझं याबाबत ठाम मत आहे, कोटेशनमध्ये केल्विनचा आकडा लिहिलेला नसेल तर ते परत पाठवा.

२८. दिव्याचं कवच तपासा. सपाट काच, उजेड फक्त खाली, पाणी-धूळ रोखणारं आयपी ६५ किंवा ६६, विजेच्या उसळीपासून संरक्षण आणि लेखी वॉरंटी. गोल दुधी गोळ्याचे शोभिवंत दिवे कितीही आवडले तरी सोडा, त्यांचा बराच उजेड आकाशात जातो.

२९. विकत घेण्याआधी एका रात्रीचा नमुना लावा. मंडपवाल्याकडून दोन उभे स्टँड भाड्याने आणा. पुरवठादाराकडून मागितलेले दोन दिवे ठरलेल्या उंचीवर आणि अंतरावर बांधून घ्या. मग पायरी ८ ची चेहऱ्याची चाचणी आणि पायरी १२ ची मोजणी पुन्हा करा. सगळ्या गल्लीला बोलवा. आजोबांना चालायला लावा, मुलांना सायकल चालवू द्या, खिडकीत झोत येतो का ते पहिल्या मजल्यावरच्यांना विचारा. जोडणी वायरमनच करेल, तीही ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमधून. वायर रस्त्यावर लोळत ठेवू नका. पावसाची चिन्हं असतील तर नमुना पुढे ढकला.

काम करून घ्या

३०. नकाशा, मोजणीचे आकडे आणि प्रत्येक मोजणीच्या जागेचा एकेक फोटो एका फाइलमध्ये लावा. फोटो फोनच्या नाइट मोडवर काढू नका. तो अंधार उजळवून दाखवतो आणि तुमचंच म्हणणं खोटं पाडतो.

३१. जागा सार्वजनिक असेल तर फाइल पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, विद्युत विभागाकडे द्या. गावात ग्रामपंचायतीकडे द्या आणि विषय ग्रामसभेत मांडा. पुण्यात पालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांना कामं सुचवता येतात, ती मुदत चुकवू नका. जागा सोसायटीची असेल तर आधी सभेचा ठराव, मग कोटेशन. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

३२. खोदाई सुरू झाली की खांबांच्या जागा नकाशाशी ताडून पाहा. खडक लागला म्हणून खांब मीटरभर सरकवतात, आणि सरकतो तो नेमका चालण्याच्या वाटेत. हे पहिल्याच दिवशी सांगायचं. काँक्रीट पडल्यावर कुणी ऐकत नाही.

३३. प्रत्येक लोखंडी खांबाचं अर्थिंग चाचणीयंत्र लावून तुमच्यासमोर तपासून घ्या आणि आकडा लिहून मागा. पाणी तुंबणाऱ्या जागी जोडणीची पेटी पुराच्या पातळीच्या वर हवी आणि तिचं झाकण स्क्रूने घट्ट. या पायरीवर ‘नंतर करू’ कबूल करू नका. मुलं खांबाला धरूनच खेळतात.

३४. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करण्याआधी जुन्याच खुणांवर शेवटची मोजणी करा. सरासरी, भागाकार आणि चेहऱ्याचा आकडा, तिन्ही बसले तरच सही. एखाद्या दिव्याचा कोन चुकला असेल तर कंत्राटदाराची शिडी अजून गल्लीतच आहे, तोवर करून घ्या.

३५. रात्रीचं वेळापत्रक लावा. संध्याकाळ-सकाळ आपोआप जुळवणारा टायमर घ्या आणि अकरानंतर सगळे दिवे निम्म्यावर आणा. वीज वाचवायला एक सोडून एक दिवा बंद करू नका, तसं केलं की अंतर दुप्पट होतं आणि भागाकारासाठी केलेली सगळी मेहनत जाते. क्रॉसिंगचे आणि पायऱ्यांचे दिवे रात्रभर पूर्ण ठेवा.

३६. खांब क्रमांकांचा छोटा नकाशा आणि तक्रारीचा नंबर सोसायटीच्या फलकावर चिकटवा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दसऱ्याच्या सुमाराला, काचा पुसून घ्या. त्याच रात्री सगळ्यात अंधाऱ्या खुणेवर फोन ठेवून आकडा मागच्या आकड्याशेजारी लिहा. आकडा खूपच उतरलेला दिसला तर आधी झाडाची वाढलेली फांदी पाहा, मग दिवा.